चिंचोक्यांचा दवाखाना

तात्या, दवाखान्याच्या रजिस्टरातल्या वेळा मी मनाने भरत होतो.

एवढं एक वाक्य तुम्हाला सांगायला माझ्याकडे तीन वर्षं होती. तुमची औषधांची खोली आणि माझं टेबल यांच्यामध्ये एक लाकडी फळी, तीही तुम्ही अर्धी सरकवून ठेवायचात, मला चहा द्यायला बरी म्हणून. त्या फटीतून चहा आला, सुपारी आली, तुमच्या अंथुर्ण्याच्या मळ्यातले पेरू आले. माझ्याकडून पलीकडे हे वाक्य मात्र गेलं नाही. आता तुमचं तेरावं झालंय आणि साप्ताहिकवाल्यांनी माझ्याकडे तुमच्यावर काहीतरी लिहून मागितलंय. तुमचा जन्म कुठला, व्हर्नाक्युलर फायनल कधी झालात, कंपाउंडरकी किती वर्षं केलीत, ते कुणीही लिहील. मला जे लिहायचंय ते तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं.

आधी माझा कारभार सांगतो. तुम्हाला वाटत होतं की तो तुम्हाला ठाऊक आहे. रजिस्टरात पाच रकाने होते: अनुक्रम, नाव, गाव, तक्रार आणि आल्याची वेळ. पहिले चार मी इमानाने भरत असे. पाचव्यासाठी रोगी फाटकातून आत आला की मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं, एवढंच काम होतं. ती मान काही माझ्याच्याने वर झाली नाही. सकाळी मी प्रत्येकाला केसपेपर फाडून द्यायचो. ते नर्सबाईंकडून, डॉक्टरांकडून फिरत फिरत तुमच्या खिडकीशी जमायचे आणि संध्याकाळी त्यांचा गठ्ठा माझ्याकडे यायचा. मग तुमचाच चहा पीत, गठ्ठ्यात जसे असतील त्या क्रमाने मी रजिस्टर उतरवायचो. पहिला रोगी नऊला. पुढे दर दहा मिनिटांना एक. मधूनच आठ, मधूनच बारा मिनिटं टाकायचो. फार नेमकं दिसू नये एवढी अक्कल मला होती. मनगटावर सासऱ्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ होतं. डॉक्टर सोडले तर दवाखान्यात घड्याळवाला मी एकटा. त्याला रोज सकाळी न चुकता किल्ली द्यायचो. बघायचो मात्र फक्त जेवायची वेळ झाली का ते.

कुणाचं काय बिघडतंय, असं मला वाटायचं. ताप नऊला आला काय आणि साडेनऊला आला काय, मिक्स्चर तेच.

तुमच्या त्या चिंचोक्यांच्या वेडाची सुरुवात एका पुडीने झाली. चूर्णाच्या पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीत तुम्हाला वर्तमानपत्राचा एक कपटा सापडला. परदेशात कुणी खोलीएवढं गणितयंत्र बनवलंय आणि एखादी गोष्ट खरोखर घडायच्या आधी ते ती आकड्यांत घडवून बघतं, असं त्यात होतं. पुढचं फाटलेलं होतं. ते फाटलं होतं म्हणूनच बहुतेक तुमच्या डोक्यात राहिलं. तुम्ही तो कपटा खळ लावून औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलात. मी म्हणालो, असलं यंत्र बारामतीत आणलं तर ते ठेवायला रोगी बाहेर काढावे लागतील. तुम्ही हसला नाहीत.

"यंत्र ऱ्हाऊ द्या भाऊसाहेब," म्हणालात, "चिंचोकं हायेत की."

त्याच हिवाळ्यात कालव्याखालच्या बागाईतदारांनी दवाखान्याला काहीतरी द्यायचं ठरवलं. उसवाले होते, माळवं-भाजीवाले होते. एक काय ते मागा, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं: चार खाटा हव्यात की आणखी एक नर्स? आपल्याकडे खाटा बारा आणि नर्सबाई एक. डॉक्टरांचा कल खाटांकडे होता, कारण हिवतापाच्या दिवसांत माणसं खाली सतरंजीवर पडायची. नर्सबाई म्हणत होत्या की खाट चालून रोग्यापाशी जात नाही, माणूस जातं. दोघांचंही खरं वाटत होतं. तेव्हा तुम्ही मध्ये पडलात आणि म्हणालात, भांडू नका, आधी खेळून बघू.

दुपारी एक ते तीन दवाखाना बंद असायचा. औषधांच्या खोलीतल्या फरशीवर तुम्ही खडूने बारा चौकोन आखलेत, त्या खाटा. बाजूला एक गोल, त्या नर्सबाई. दाराशी एक लांब पट्टी, ते बाहेरचं बाकडं. चिंचोका म्हणजे रोगी. प्रत्येक चिंचोक्यासाठी सहा कवड्या टाकायच्या. दोनपर्यंत उताण्या पडल्या तर साधा ताप, पुडी घेऊन घरी. तीनचार पडल्या तर मलमपट्टी, नर्सबाईंची वीस मिनिटं. पाच-सहा पडल्या तर बाळंतपण किंवा तसलंच काही, तिथे नर्सबाई अडकल्या आणि खाटही गेली. चिंचोका बाकड्यावरून गोलात, गोलातून खाटेवर नाहीतर घरी. तुम्ही चिंचोके सरकवायचात, मी कवड्या टाकायचो. म्हणजे दवाखाना तुम्ही चालवत होता आणि परमेश्वराचं काम माझ्याकडे होतं. ते मी मन लावून केलं. प्रत्येक चिंचोक्याला मी नाव ठेवायचो. माझ्या सासऱ्यांना त्या महिन्यात तीनदा हिवताप आणला. आमच्या गल्लीतल्या एका भांडकुदळ गृहस्थाला बाळंतपणासाठी दाखल केलं. तुम्ही म्हणायचात, भाऊसाहेब, जरा गंभीर व्हा. आणि मग एक वाक्य म्हणालात, ते मला पाठ आहे.

"ह्या खोट्या माणसांवर काय चुका करायच्या त्या करून घ्या. म्हंजी खऱ्यांवर करायची पाळी येत न्हाय."

पुढे मोठमोठ्या इस्पितळांत ती यंत्रं येतील, तिथे शिकलेली माणसं बसून हेच करतील, याबद्दल मला शंका नाही. पण इतक्या थोड्या शब्दांत कुणी सांगेल असं वाटत नाही.

फक्त एक अडचण होती. दिवसाच्या कुठल्या वेळी किती चिंचोके दाराशी ठेवायचे हे कवड्या टाकून ठरवायचं नव्हतं. ते खरं हवं होतं. दहाला खिडकी उघडेपर्यंत तुम्ही आत मिक्स्चरं करत असायचात, सकाळचं अंगण तुम्हाला दिसायचं नाही, म्हणून तुम्ही माझं रजिस्टर मागितलंत.

आठ दिवस तुम्ही ते घरी नेलंत. प्रत्येक अर्ध्या तासात किती रोगी आले याच्या रेघा ओढल्यात. मग एका दुपारी रजिस्टर मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसलात आणि म्हणालात, "भाऊसाहेब, अर्ध्या तासाला तीन. वर्सभर. ह्या तालुक्यातली मानसं घड्याळ लावून आजारी पडत्यात का काय?"

तात्या, ते दार होतं. तुम्ही उघडून धरलं होतं. मी नुसतं म्हणायचं होतं की नाही हो, मी झोपाळू माणूस, संध्याकाळी मनाने भरतो. तुम्ही दोन शिव्या हासडल्या असत्या, एक पाटी घेऊन दोघं फाटकाशी महिनाभर बसलो असतो आणि तुमचा खेळ खऱ्या आकड्यांवर उभा राहिला असता. पण मला विनोद सुचला. माझी सगळी वाट त्यानेच लागली आहे. मी म्हणालो, "कालव्याचं पाणी पाळीपाळीने घ्यायची सवय लागलीय तात्या, आजारपणही पाळीने घेतात." तुम्ही हसलात. मग हसू आवरून पुन्हा विचारलंत, "न्हाय पन, येळा खऱ्या हायेत न्हवं?"

मी म्हणालो, "सरकारी रजिस्टर आहे."

यात खोटं काहीच नव्हतं. रजिस्टर सरकारीच होतं.

पंधरा दिवस आपण खेळलो. चिंचोके दहा दहा मिनिटांनी शाळेतल्या मुलांसारखे ओळीने आले. बाकड्यावर कधी दोनाच्या वर बसले नाहीत. नर्सबाईंच्या गोलात गर्दी झाली नाही. खाटा मात्र भरत राहिल्या. खेळाने अगदी स्वच्छ सांगितलं: नर्स एक पुरे, खाटा वाढवा.

नर्सबाईंना तुम्ही फरशीपाशी बोलावून सगळं दाखवलंत. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "इंदापूरची गाडी आली की माणसं अंगावर येतात, एकदम. ते कुठे आहे यात?" तुम्ही रजिस्टर पुढे केलंत. त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही. "तात्या, तुमच्या चिंचोक्यांना कळा येत नाहीत," म्हणाल्या आणि निघून गेल्या. तुम्हाला ते लागलं. तुम्ही मला म्हणालात की माणूस दमला की त्याला गर्दी जास्त दिसते, कागद काही दमत नाही. मी मान डोलावली. कागद दमत नाही हे खरंच होतं, तो संध्याकाळी चहा पीत लिहिला जात होता.

डॉक्टरांनी चार खाटा घेतल्या. नव्या गाद्यांचा वास आठवडाभर व्हरांड्यात होता.

पुढचा बाजारचा दिवस मला वेळेसकट आठवतो. आता आठवतो. इंदापूरकडची गाडी पावणेनऊला आली आणि तिच्यातून चौदा माणसं थेट आपल्या फाटकात शिरली. त्याच गर्दीत एक बैलगाडी आली, पिंपळीची. बबन नावाचा जवान गडी, ऊस तोडताना कोयता निसटून उजव्या मनगटाला लागलेला. थोरल्या भावाने, रामभाऊने, दंडाला सुती दोर आवळून बांधला होता, त्याला गाडीत घातलं होतं आणि बैलांना थांबू न देता आणलं होतं. तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात नऊचे टोले पडत होते. त्याचा केसपेपर मीच फाडून दिला. हात घोंगडीत गुंडाळलेला, रक्त थांबलेलं, माणूस गप्प. मी म्हणालो, बसा बाकावर. तो भिंतीला टेकून बसला.

नर्सबाई आत एका अडलेल्या बाईपाशी होत्या, डॉक्टरही तिथेच. बाहेर बाकडं भरून माणसं उंबऱ्यापर्यंत आली. ओरडणारे पुढे गेले, गप्प बसणारे मागे राहिले. रामभाऊ दोनदा माझ्याकडे आला, म्हणाला, भावाचा हात गार लागतोय. मी दोन्ही वेळा सांगितलं, नंबराने होईल. बारा वाजायला आले तेव्हा नर्सबाई घामाने भिजून बाहेर आल्या, त्यांनी घोंगडी उचलली आणि डॉक्टरांना हाक मारली. दोर तीन तासांवर आवळलेला राहिला होता. खालचा हात निळा पडला होता.

साखर कारखान्याची जीप मिळाली. बबनला घेऊन पुण्याला कोण जाणार, असं डॉक्टर विचारत होते तोवर तुम्ही डगला चढवून जीपमध्ये बसला होता. त्याचा हात मांडीवर घेऊन तुम्ही गेलात, आणि तीन आठवड्यांनी तो माणूस कोपरापासून खालचा हात तिथे ठेवून आला.

इकडे मी त्या संध्याकाळी काय केलं ते ऐका. चहा घेतला आणि रजिस्टर भरलं. काही ठरवून नाही हो, कुणाला वाचवायला नाही. नुसती सवय. बबनचा कागद गठ्ठ्यात सतरावा होता. सतरावा म्हणजे अकरा चाळीस. मी अकरा चाळीस लिहिलं आणि शाई टिपून घेतली.

दुसऱ्या दिवशी रामभाऊ आला आणि डॉक्टरांना म्हणाला, आमी नवालाच पोचलो हुतो, तीन तास कुणी बघितलं न्हाय. डॉक्टरांनी रजिस्टर मागवलं, बोट ठेवलं. अकरा चाळीसला आला, बाराला तपासला. वाटेत वेळ लागला असेल तुम्हाला, ते म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. कागदावर जे होतं ते त्याने वाचलं. रामभाऊला वाचता येत नव्हतं. त्याने माझ्या मनगटाकडे बघितलं.

"भाऊसाहेब, तुमी हितंच हुता की. तुमीच सांगा."

मी रजिस्टराकडे बघून म्हणालो, "लिहिलंय तसंच असणार."

तुम्ही तेव्हा पुण्यात होता, म्हणून हे तुम्हाला कळलं नाही. दोन दिवसांनी परत आलात ते चेहरा उतरवून. नर्सबाईंनी तुम्हाला सांगितलं की नऊलाच अंगण भरलं होतं. तुम्ही फळीच्या फटीतून मला विचारलंत, बाई असं म्हणतात, रजिस्टर तसं म्हणत नाही, कोण खरं? आणि मी म्हणालो, बाई दमल्या होत्या. तात्या, त्या बाईंनी त्या दिवशी एक बाळ आणि एक आई वाचवली होती.

तुम्ही "बरं" म्हणालात आणि फळी पूर्ण लावून घेतलीत. त्या दुपारी तुम्ही फरशी ओल्या फडक्याने पुसलीत. कवड्या घेऊन कालव्यावर गेलात आणि रिकाम्या हाताने आलात. मग डॉक्टरांकडे जाऊन सांगितलंत की माझा खेळ खोटा निघाला, बाईंचं ऐका. त्यांनी ऐकलं, पण बागाईतदारांना पुन्हा गळ घालून दुसरी नर्स यायला दीड वर्ष गेलं. तोवर दवाखान्यात तुमचं नाव चिंचोकेतात्या पडलं होतं. कुणी ठेवलं ते विचारू नका. विनोद सुचणारा माणूस त्या दवाखान्यात एकच होता.

खेळ खोटा नव्हता. हे मला तुम्हाला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. चौकोन बरोबर होते, कवड्या बरोबर होत्या, तुमचं डोकं तर फारच बरोबर होतं. मी तुमच्या दाराशी जे चिंचोके आणून ठेवले तेच खोटे होते. पुढे खोलीएवढं यंत्र आलं तरी त्याला वेळा पुरवायला कुठल्यातरी टेबलाशी माझ्यासारखाच कुणीतरी बसलेला असेल, चहा पीत, ही भीती मला आता वाटते.

फळी तुम्ही चार दिवसांनी पुन्हा सरकवलीत. तुमच्यात राग टिकायचा नाही. त्यानंतर एक बारीक गोष्ट बदलली. तुम्ही खिडकी बंद करताना अंगणाकडे बघून हाक द्यायचात, "कुनी ऱ्हायलं का?" कुणी औषधाविना जाऊ नये म्हणून. त्या दिवसापासून ती हाक दिल्यावर तुम्ही आत वळून मलाही विचारायला लागलात, "भाऊसाहेब, काय ऱ्हायलं का?" मी म्हणायचो, काही नाही तात्या. तीन वर्षं रोज. तुम्हाला संशय होता म्हणून विचारत होता, की नुसती सवय लागली होती? हे आता कुणाला विचारू?

एकदा मी थंडाई समजून एरंडेलाची बाटली तोंडाला लावली, तो दिवस आठवतो? उन्हातून आलो होतो, लेबल वाचलं नाही. दुपारपर्यंत माझ्या पाच फेऱ्या झाल्या. तुम्ही भिंतीवर खडूने प्रत्येक फेरीची वेळ लिहून ठेवलीत, माझंच घड्याळ टेबलावरून उचलून. दवाखानाभर हसू उसळलं होतं. मी पोट धरून बाहेर आलो तर तुम्ही म्हणालात, "ह्या येळा मातर खऱ्या हायेत." तेव्हा मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो होतो. पण त्याच संध्याकाळी तुम्ही मला हाताने साखरमीठपाणी पाजलंत, घरी सोडलंत, आणि आमच्या मंडळींना सांगितलंत की बाजारातलं काहीतरी बाधलं. माझी फजिती तुम्ही घरापर्यंत कधी जाऊ दिली नाहीत. आणि तुमची मी गावभर केली.

मग तुम्ही गेलात. मळ्यात पेरूच्या झाडाखाली बसलात ते उठलाच नाहीत, असं निरोप घेऊन आलेल्या माणसाने सांगितलं. मी पहिलं काय केलं असेल? मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेदहा झाले होते. ती वेळ मी कशातही लिहिली नाही.

तेराव्याला मी अंथुर्ण्याला आलो. पंगतीत माझ्या शेजारी बबन बसला होता, डाव्या हाताने जेवत. मला वाटलं नव्हतं तो येईल. म्हणाला, तात्यांनी पुण्यापर्यंत माझा हात मांडीवर धरला होता, सारखे म्हणत होते, माझी चूक हाय लेकरा, माझं गनित चुकलं. मी म्हणालो, हो का. आणि लाडू घेतला. तात्या, मी चार लाडू खाल्ले. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही. बबन आपणहून सांगत राहिला. रामभाऊ वेगळा निघाला. गावाने त्यालाच धरलं, की बैलं धीमी हाकली, वाटेत चहाला थांबला असेल, दवाखान्याच्या बुकातच लिहिलंय. बबनलाही तसंच वाटत होतं. गाडीत आणि नंतर बाकड्यावरही त्याची शुद्ध जात-येत होती, किती वेळ गेला ते त्याला कळलंच नव्हतं. रामभाऊने ती खोंडं विकली. दोघांच्या रानात एकच बांध, पण दोघं बोलत नाहीत.

तोवर मला वाटत होतं की माझ्या रजिस्टराने एक हात गेला आणि तुमचा खेळ गेला. हे तिसरं मला ठाऊकच नव्हतं.

परत येताना आम्ही एकाच गाडीत होतो. पिंपळीला बबन उतरला. मीही उतरणार होतो, उठलोसुद्धा, पण कंडक्टरने घंटी मारली आणि मी पुन्हा बसलो. बारामतीपर्यंत जाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी तीन मैल चालत परत पिंपळीला गेलो. धैर्य यायला तेवढं भाडं पडतंच, असं स्वतःला सांगितलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, उतरायचं हुतं की.

बबन वांग्याच्या वाफ्यांना पाणी देत होता, डाव्या हाताने खोरं ओढत. बांधापलीकडे रामभाऊ होता, पाठ करून. मी बबनला सगळं सांगितलं. नऊ वाजले होते, संध्याकाळी गठ्ठ्यातून लिहिलं, सतरावा कागद, अकरा चाळीस. तात्यांचं गणित बरोबर होतं, तेही सांगितलं. वाफा भरून पाणी बाहेर सांडायला लागलं तरी बबनला दिसलं नाही. मग तो म्हणाला, "आन् काल पंगतीला का न्हाय बोलला?" त्याने खोरं टाकलं आणि बांधाकडे तोंड करून हाक मारली.

"दादा. तुजी बैलं येळंत पोचली हुती रं."

रामभाऊ वळला. काय, कशाची बैलं, असं त्याच्या तोंडावर दिसलं. बबन बांध ओलांडून गेला आणि त्याला सांगत राहिला. माझ्यापर्यंत शब्द आले नाहीत. रामभाऊ उभा होता तिथेच खाली बसला. बबनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, होता तो.

मी जायला निघालो होतो. पण रामभाऊ उठून माझ्यापाशी आला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, तुम्हाला सांगायला काहीतरी झालं असतं. त्याने सावकाश विचारलं की हे तात्यांना कधी सांगितलं होतं का. मी म्हणालो, नाही, ते गेल्यावर आलोय. कालच त्यांचं तेरावं जेवलो.

तो माझ्या मनगटाकडे बघत राहिला, त्या दिवशी बघितलं होतं तसाच. मग म्हणाला,

"भाऊसाहेब, तुमी समदीच कामं संध्याकाळची करता व्हय?"